आई चराच्या पलीकडे

...तर म्हणे, थोडी कळ काढा, विजेच्या तारा एकदा जमिनीखाली गेल्या की आभाळ कसं मोकळं दिसेल. अहो, आभाळ दिसेल तेव्हा दिसेल, सध्या समोरचं वाण्याचं दुकान दिसतंय आणि तिथवर जाता येत नाहीये, त्याचं काय? आमच्या दारापुढून लांबच लांब चर खणलाय, पलीकडच्या उरलेल्या रस्त्यावरून अर्ध्या शहराची वाहतूक सोडलीय, आणि हे सगळं आखणारा माणूस कोण, तर माझा नवरा. लग्नात आलेली भांडी अजून खोक्यातून बाहेर निघाली नाहीत आणि गल्लीत माझी ओळख काय, तर 'ती हो, खड्डेवाल्याची बायको'. मी काही म्हणत नाही. मी तशी कमीच बोलते.

शेजारच्या काकू मात्र बोलतात. "काय गं, घरात तरी सरळ चालतो का हा, की तिथेही पाट्या लावतो?" काय सांगू त्यांना? मी आणि सासूबाई एकदम स्वयंपाकघराच्या दारात आलो तर हा हात आडवा करून मला थांबवतो आणि त्यांना आधी सोडतो.

तर त्या दिवशी माझे आईबाबा यायचे होते, लग्नानंतर पहिल्यांदा. आता तुम्हाला सांगते, मुलीची आई पहिल्यांदा येते ती काही चहा प्यायला येत नाही. ती मुलीला ओट्याशी गाठते, हळूच एक प्रश्न विचारते आणि त्या उत्तरावर पुढे निर्धास्त झोपते. फोनवर मी रोज सांगत होते, मजेत आहे गं... पण मी तशी कमीच बोलते, त्यामुळे तिला ते काही पटत नव्हतं.

आणि नेमकी त्याच दिवशी चरातून केबल ओढायला घेतलेली. एका टोकाला भलंमोठं रीळ, दुसऱ्या टोकाला ओढणारं यंत्र, आणि एकदा ओढायला लागले की मधे थांबायचं नाही, चरावरची ये-जा करायची लोखंडी प्लेटसुद्धा काढून ठेवायची. कुणाचा नियम? विचारूच नका.

पलीकडे बाबांची गाडी आली, मागे भोंगे सुरू, थांबायला जागा नाही. आई घाईघाईने उतरली आणि बाबा पाट्यांवरचे बाण बघत बघत वळसा घालायला गेले. ते फिरून येऊन तिला परत गाडीत घेईपर्यंत काय ती भेट. नवरा चराच्या कडेला, डोक्यावर हेल्मेट, हातात वॉकीटॉकी, चेहरा असा की त्यालाच खाली पुरलं तर बरं.

"प्लेट टाकता येत नाही हो आत्ता," तो माझ्या आईला म्हणाला.

"अरे, सासूसाठीसुद्धा नाही?" गॅलरीतून सासूबाई.

"कुणासाठीच नाही गं."

"बरोबर आहे त्यांचं," माझी आई म्हणाली, पण पिशवी अशी घट्ट धरून उभी होती की मला बघवेना. मग तिने रस्त्याकडे एक नजर टाकली आणि तो ओट्याशी विचारायचा प्रश्न चरावरून विचारला. "सुखात आहेस ना गं?"

यंत्राची घरघर एवढी... "काय?" मी ओरडले.

"सुखात आहेस ना?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा वॉकीटॉकीवर म्हणाला, "थांबवा. नाही, अडकलं नाही काही. थांबवा म्हणतो ना."

यंत्र थांबलं. मजूर थांबले, वाणी तराजू धरून थांबला, काकू खिडकीत, सासूबाई वर. आणि हा हेल्मेट काढून माझ्याकडे बघत उभा, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा.

मी तशी कमीच बोलते. पण म्हणाले, मोठ्याने म्हणाले, "आहे गं आई. खूप सुखात आहे."

आई डोळे पुसत हसली. तिकडच्या टोकाहून वॉकीटॉकी खरखरला, "साहेब, काय झालं?"

"काही नाही," नवरा म्हणाला. "सुखात आहे. ओढा."

आता मला सांगा, अख्ख्या गल्लीच्या साक्षीने असं कबूल करून बसल्यावर या माणसाशी मी भांडायचं तरी कुठे?