लंडनहून लोधिवली, दहाव्याच्या आत

सभेचे अध्यक्ष आबाजी पाटील, त्यांच्या शेजारचे हेडमास्तर, चौकहून मुद्दाम आलेले पोस्टमास्तर, आणि समोर बसलेल्या लेकीसुनांनो, बापयांनो, पोरांनो, तुम्हां सगळ्यांना चंद्राबाईचा नमस्कार. मी दुसरीतून उठले ती आज पुन्हा शाळेत आले. मधली वर्षं चुलीपुढे गेली.

माझा नातू मालोजी कराचीच्या विमानतळावर इंजिनं दुरुस्त करतो. आता कंपनी त्याला तीन वर्षं लंडनला शिकायला धाडते आहे. गाव म्हणालं, केवढा मान! मी म्हटलं, जायचं नाही. मला मागेपुढे तेवढा एकच. उद्या मी गेले तर पिंड कोण ठेवणार? बोटीला तीन आठवडे लागतात. तोवर कावळ्यानं काय उपास धरायचा?

मालोजी भांडला नाही. म्हणाला, कराची ते लंडन पाच हजार मैल, पण विमानानं सात दिवस. मी विचारलं, रात्रीचं पण उडतं का? तर नाही, संध्याकाळी उतरतं, माणसं जेवून झोपतात. मला धीर आला. आपली बैलगाडी तरी वेगळं काय करते?

मग मी बोटं मोजली. लंडनहून विमान सुटतं शनिवारी. म्हणजे मी शुक्रवारी डोळे मिटायचे, त्याच दिवशी तार जायची. पुढच्या शनिवारी पोर कराचीला, तिथून दुसऱ्या विमानानं मुंबई, रविवारी सकाळी आगगाडीनं कर्जत. दहावा येतो रविवारीच! पोस्टमास्तरांना विचारलं, शुक्रवारी तार घेता ना? त्यांना चहाचा ठसका लागला. पाच हजार मैलांचा भरवसा आहे हो. भरवसा नाही तो कर्जतपासून पुढे, धाऊच्या बैलांचा. हसू नकोस धाऊ, तुझा पांढरा ओढ्यात बसतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शेजारची सोनुबाई मोठी खवट. म्हणाली, "आनि शनवारी गेलीस तर गं?"

म्हटलं, "नाय जानार. जलमभर सगळ्यांची सोय बघितली, मरताना कशाला खोळंबा करू?"

झालं, मी परवानगी दिली. पण मालोजी काही हसेना. मान खाली घालून बसला. विचारलं, आता रं काय? तर म्हणाला,

"आजे, जित्तेपनी बोलावलंस तरी तेवढेच दिवस लागतात गं."

खरं सांगते, हे माझ्या मोजण्यात आलंच नव्हतं.

तुम्ही पोराचा सत्कार केलात, हार घातलात, मला बोलू दिलंत, फार उपकार. शुभ कार्यात दहाव्याचं बोलले, आडाणी म्हणून पोटात घाला. आणि पोस्टमास्तर, पुढच्या वर्षी त्याला रजा मिळाली की एका शुक्रवारी मी माझ्या पायांनी तुमच्या खिडकीशी येईन. तारेत जास्त काही घालू नका. नुसतं 'ये' लिहा, आणि खाली लिहा, आजी बरी आहे.