फक्त साडी निळी

सदर बाजारातल्या फोटो स्टुडिओत ज्ञानदा आपल्या पासपोर्ट फोटोची वाट पाहत बसली होती. काउंटरवर पिकल्या केसांचे भाऊ-बहीण उभे होते, आणि भावाचा आवाज चढतच चालला होता.

"फक्त साडी निळी कर म्हटलं होतं भैया, बाकी सगळं काळं-पांढरं. तिसरी चक्कर आहे माही!"

"साडी नीली की ना, सर."

"अन् कपाळावर हे लाल काय लावून ठेवलं?"

"माथा सूना लग रहा था. बिंदी मैंने अपनी तरफ से डाल दी."

"अरे, सुनंच होतं! बाबा गेल्यावरचा फोटो आहे आईचा. शारदाताई, तू काहून चूप आहे? सांग न याले!"

"काय सांगू?"

"पुसाले सांग!"

"अभी मिटा देता हूँ, दीदी. एक क्लिक का काम है."

"थांब भैया. माउसवरचा हात काढ."

"ताई, श्राद्धाच्या दिवशी भिंतीवर लावायचा आहे हा फोटो. लोक काय म्हणतील?"

"शिरीष, बाबा गेले तेव्हा तू पाळण्यात होता. आत्यानं आईचं कुंकू पुसलं, तेव्हा आईचे दोन्ही हात मी धरून ठेवले होते. आता नाही पुसू देत."