एकोणचाळीस नंबरचा आवाज

—नाही गं बाळ, वेडाबिडा नाही मी, उठू नकोस, बस. मॅडम अजून यायच्यात. घसा बसलाय म्हणून हा असा फाटका आवाज येतोय, एरवी माझ्या आवाजावर लोक गाड्या पकडतात — खरंच, थाप नाही. बसस्थानकावर घोषणा करतो ना मी! अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे — तो मीच. आणि बाईचा आवाज येतो, तोही अधूनमधून मीच. हसतेस काय? आमच्या घोषणावाल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा सगळा पावसाळा मी त्यांच्या आवाजात काढला. कुणाला पत्ता नाही. एका गृहस्थाने तर त्या आवाजाला मागणी घातली! काकांना, मामांना घेऊन थेट केबिनच्या दारात. मी मिशीसकट बाहेर आलो तर आधी काका आडवे झाले, मग मामा. नवरदेव मात्र उभा होता हं — म्हणाला, बोलून तरी दाखवा एकदा.

तर तुझा नंबर चाळीस. दचकू नकोस, रोज ऐकतो मी, वर्गाच्या या मागच्या दाराच्या फटीतून. आणि तुझ्या आधीचा, एकोणचाळीस, तो माझ्या चिमणीचा. माझ्या लेकीचं घरातलं नाव गं ते. मॅडम काही मान वर करत नाहीत, नंबर पुकारतात आणि खुणा करतात. मागून ‘येस मॅडम’ आलं की झालं. ते येस मॅडम — आता काय सांगायचं तुला — ते मी म्हणत होतो. अगदी तिच्यासारखं, शेवटी जरा ओढून, जेवायला हाक मारल्यावर ‘आले’ म्हणते ना, तसं. पण हा घसा! मॅडमच्या मागच्या दोन तासांना तोंडातून नुसती हवा. दोन गैरहजेऱ्या लागल्या बघ. आज तिसरी. म्हणून तुझ्या पाया — बरं, नाही पडत, पण एवढंच कर, एकोणचाळीसला जाड आवाजात येस मॅडम म्हण आणि चाळीसला तुझ्या स्वतःच्या. मध्ये जरा खोकलीस तर उत्तमच.

ती? ती आजारी आहे. कावीळ. डॉक्टर म्हणाले, हलायचं नाही — कुठे म्हणजे काय, घरी, पाय वर करून झोपलीये, प्लास्टर... हो, कावीळच म्हणालो मी. कावीळ झाली, चक्कर आली, पडली, पाय मोडला. एकेकाचं नशीब असतं.

बघू नकोस अशी. माझी पोरगीसुद्धा अशीच बघते, एक शब्द बोलत नाही आणि माणूस आपोआप खरं ओकतो.

तो नियम वाचलास का, ऑफिसबाहेर काचेत लावलाय तो? मला पाठ आहे, फलाटांसारखा. चार विषय असले की पोरगी पूर्णवेळ. तीन झाले की अर्धवेळ. एका विषयाचे तीन तास बुडाले की त्या विषयातून नाव कमी. आणि अर्धवेळ पोरीला वसतिगृहात खोली नाही. बघ म्हणजे, तीनदा येस मॅडम राहिलं की पोरीचं अंथरूण रस्त्यावर! बाकीच्या तीन विषयांना सहीचा कागद फिरतो, तिथे तिची खोलीतली मैत्रीण सांभाळते, गुणी पोर आहे. पण या विषयाला ती नाही, आणि मॅडमना तोंडी हजेरीची हौस.

खोली कशाला हवी म्हणजे? अगं, किल्ली तिच्याकडे आहे! परत यायचंच झालं तर कुठे येईल ती? घरी नाही यायची. मला माहितीये, घरी नाही यायची. खोलीवर येईल. मी परवा वॉर्डनबाईंच्या हातापाया पडून बघून आलो — उशी तशीच, कंगव्यात केस तसेच, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल पार खडखडीत झालाय. ती येईल आणि खोलीत भलतीच कुणी पोरगी बसलेली असेल, तर मग ती कुठे जाईल? सांग ना.

फोन लागत नाही. मैत्रीण म्हणते, कामाला लागलेय एवढाच निरोप आला होता, कुठल्या गावी ते नाही.

भांडण? छे, भांडण कसलं. ती जायच्या आधी, सोमवारी फोन आला — बाबा, चार विषय झेपत नाहीत, रात्र रात्र झोप येत नाही, एक सोडते. मी म्हटलं, सोड की, अर्धवेळ हो; मग मीही अर्धवेळ बाप होतो, दुपारनंतर मला हाक मारू नकोस. गंमत गं! आमच्या घरात सगळं असंच बोलतात, तिची आई होती तोवर तीही हसायची. ही पण हसली. म्हणजे... हसलीच असेल. फोनवर दिसत नाही ना. मंगळवारी हा तास केला आणि मग गेली. म्हणजे बोलणं झाल्यावर कॉलेजात आली, शांतपणे बसली, राग असता तर—

काय?

नव्हती? त्या मंगळवारी? नीट आठव, तुझ्या आधीच गं, एकोणचाळीस... कुणीच बोललं नाही? म्हणजे फोन ठेवला आणि निघालीच ती. म्हणजे तो मंगळवार एक, आणि माझ्या घशाचे दोन...

आल्या मॅडम. थांब, जाऊ नकोस, पुकारू देत, तुझ्यापर्यंत यायला वेळ आहे. आमच्याकडे कसं असतं सांगतो — गाडीला उशीर असला की आम्ही पुन्हा पुन्हा नाव घेतो. तासभर, दोन तास, प्रवासी शिव्या घालतात तरी घेतो. उशीर आहे म्हणजे गाडी येतेय ना! गाडी रद्द झाली की मग नाही घेत. एकदम पुढच्या गाडीचं नाव घ्यायचं. इथेही तसंच. नाव पुकारतायत तोवर उशीर आहे नुसता.

चौतीस... पस्तीस... ये इकडे, फटीशी उभी राहा. जाड आवाज, विसरू नकोस. सदतीस... शेवटी जरा ओढायचं हं, ‘आले’सारखं. अडतीस—

चाळीस म्हणाल्या?

नाही, चुकल्या असतील. होतं असं, कागदावर बोट घसरतं, आम्हीसुद्धा कधीकधी... नाही. नाव गाळताना आम्ही चुकत नाही.

पुन्हा पुकारतायत, बाळ. चाळीस. तुझा नंबर. जा, माझ्याकडे काय बघतेस — पळ, तुझी गाडी लागलीये.