अजून हवेत असलेल्या बहिणीबाबत

मी, गल्लीत सगळ्यांची ताई, वय ४६, विमानाची तिकिटे काढून देणाऱ्या दुकानात नोकरीस, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला. विमानतळाच्या पोलीस चौकीत स्वतः येऊन सांगते की,

माझी धाकटी बहीण नऊ वर्षांपूर्वी परदेशी जाताना म्हणाली होती, "ताई, विमानाला लागायचा तेवढा वेळ लागू दे, तू हाक मारलीस की मी आलेच." हे वाक्य जबाबात नको, असे हवालदारांचे मत पडले. ते राहू द्यावे असे मी सांगितले.

आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिने अन्नाला तोंड लावणे सोडले, तेव्हा मी बहिणीला फोन केला. तिकीट मीच काढले. अंतर साधारण बारा हजार किलोमीटर, प्रवास सलग चौदा तासांचा.

विमान आज दुपारनंतर उतरायचे होते. सकाळीच दार वाजले. दारात बहीण उभी होती. तिकिटावर सुटायची वेळ तिथली आणि पोचायची इथली असते. गिऱ्हाइके तिथल्या सुटायच्या वेळेतच प्रवासाचे तास मिळवतात आणि भलत्याच वेळी माणूस आणायला जातात. तीच चूक माझी झाली, असे मला वाटले. मी म्हणाले, "रोज लोकांना शिकवते आणि स्वतःच आपटले बघ." ती म्हणाली, "तुझं गणित शाळेपासूनच दिव्य आहे." कानांत दडे बसल्यासारखी ती मोठ्याने बोलत होती, सारखी आवंढे गिळत होती. सामान नव्हते.

ती आईजवळ बसली. "तोंड उघड गं आई. लहान आहेस का आता?" आईने चमच्याचमच्याने वाटीभर दूध घेतले. वाटीतले दूध सारखे थरथरत होते. बहिणीचा हात मात्र स्थिर होता.

तेवढ्यात माझ्या फोनवर बहिणीचा निरोप आला, "विमानातून लिहितेय. निम्मी वाट झाली. आई आहे ना गं?" मी दुकानात विचारून घेतले. विमान समुद्रावर होते. मी आईजवळ बसलेल्या बहिणीला म्हणाले, "तुझा फोन कुठाय?" मागे न बघता ती म्हणाली, "पर्समध्ये. सीटखाली."

मी आईकडे पाहिले. आई हसत होती.

मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "मला घ्यायला चाललीस ना? सावकाश आण. मी आत आले की मला इथून उठावं लागेल."

हवालदारांनी विचारले, "बाई, घरात कुणी परकं शिरलंय का? मग मी लिहू काय?" परके कुणी नाही. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच आहे. मागणे एवढेच, की बहीण विमानातून उतरली की कागदपत्रांचे काही निमित्त काढून तिला इथेच बसवावे. ती घाईत असेल, रडेल, आईचे नाव घेईल. असे कुणाला अडवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी आईचे संध्याकाळचे दूध होईपर्यंत तिला सोडू नये.