सईचं कॉलेज आणि किकचा कोच

आमच्या इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत राहणाऱ्या शिरीषचं ऐकलंत का? त्याच्या लेकीला, सईला अमेरिकेत दोन कॉलेजांत ॲडमिशन मिळाली. तेव्हापासून गडी दर रविवारी सकाळी त्यातल्या मोठ्या कॉलेजची फुटबॉल मॅच लावून बसतो, तो बॉल हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल. त्यांच्यात नुसत्या किकसाठी वेगळी पोरं मैदानात येतात. स्पेशल टीम म्हणे, आणि तिचा कोचही वेगळा!

गेल्या रविवारी मॅच बघताना मी विचारलं, "किकला वेगळा कोच कशाला रे?"

शिरीष म्हणाला, "क्रिकेटमध्ये फिल्डिंग कोच असतो ना, तसाच. पण हा बिनकामाचा. हाकला त्याला!"

शारजाहून खास मॅच बघायला आलेला मंगेश उसळला, "पोरांनी बॉल सोडला, त्यात कोच काय करणार?"

दोघांची अशी जुंपली की शेवटी शिरीष ओरडला, "असला कोच ठेवणाऱ्या कॉलेजात मी मुलगी पाठवणारच नाही. खलास!"

सई म्हणाली, "बाबा, आय ॲम डूइंग फार्मसी!"

वहिनींनी शांतपणे चहा ठेवला. "अहो, आम्ही परवाच दुसऱ्या कॉलेजला हो कळवलंय. तिथे फुटबॉलची टीमच नाही."

शिरीषचा चेहरा पडला.

"मग रविवारी सकाळी मी बघू काय?"