पट्टी उतरवण्याचा ठराव

...आणि वर मलाच विचारतात, "तू समुद्राच्या बाजूनं का बोलतेस?" अहो, समुद्राच्या बाजूनं! समुद्र काय निवडणुकीला उभा आहे? तुम्हाला सांगते, मी कुणाच्याच बाजूनं बोलत नाही, मी फक्त पट्टी वाचते!

आमच्या चर्चच्या मागे पायऱ्या आहेत, थेट पाण्यात उतरणाऱ्या. तिथल्या खांबाला एक आकड्यांची पट्टी बसवलीय, माणसाहून उंच. पाणी कुठवर आलं ते रोज वाचायचं आणि संशोधन संस्थेला कळवायचं, बस्स! माझ्या जन्माच्या आधीपासून कुणी ना कुणी ती वाचतंय, एका दिवसाचा खंड नाही. तिकडे परदेशात शिकत असताना माझ्या प्राध्यापकांना हे सांगितलं तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले हो! म्हटलं, एवढं मोलाचं काम आपल्या अंगणात आहे आणि मी इथं काय करतेय? बांधली बॅग, आले घरी, आणि लागले त्याच संस्थेत पट्टी वाचायच्या नोकरीला. मोठे काका म्हणाले, "एवढी शिकलीस ती पट्टी वाचायला? माप तर शिंपीही घेतो."

हे मोठे काका म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचे खजिनदार. त्यांचं म्हणणं एकच. "देवानं नोहाला काय वचन दिलं? पुन्हा जलप्रलय नाही! आकाशात मेघधनुष्य काढून दिलंय वर! मग पाणी चढेलच कसं?" मी म्हटलं, काका, सगळी पृथ्वी बुडवणार नाही असं म्हणालाय तो, तुमचं तळघर कोरडं ठेवीन असं कुठं म्हणालाय? झालं! "चार बुकं शिकलीस म्हणून देवाला उलट बोलतेस?" अहो, देवाला कुठं, तुम्हाला बोलतेय! पण काकांना तो फरक आजवर कळलेला नाही.

आत्या माझ्या बाजूची. "अगं, देवानं बाग राखायला दिली होती माणसाला, ओरबाडायला नाही," असं म्हणाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हेच तर म्हणते मी! सृष्टी त्याची, आपण राखणदार! पण आत्या तिथं थांबेल तर ती आत्या कसली? माझ्या आकड्यांचा आलेख तिनं छापून आणला, खाली लिहिलं 'शेवटचे दिवस आले आहेत, पश्चात्ताप करा', आणि दिला बसथांब्यावर वाटून! माझ्या सहीसकट! आता लोकांना काय सांगू? मी फक्त पट्टी वाचते!

तेवढ्यात खासदारसाहेबांना जाग आली. किनाऱ्याला लागून त्यांच्या मेव्हण्याच्या इमारती उभ्या राहणार होत्या, आणि माझा आलेख नेमका त्यांच्या तळमजल्यातून जात होता. लगेच चौकशी समिती! माझी सगळी ईमेल मागवली. लांब टेबल, टेबलाच्या पलीकडे साहेब, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "आपण आपल्या आत्याला लिहिलंय, 'पाणी उतरावं म्हणून प्रार्थना कर.' म्हणजे पाणी चढलंय हे तुम्ही आधीच ठरवून टाकलं होतं तर?" मी म्हटलं, साहेब, ठरवलं नव्हतं, वाचलं होतं! "मग प्रार्थनेनंतर उतरलं का?" नाही उतरलं. "म्हणजे देवालाही तुमचे आकडे पटलेले दिसत नाहीत!" सगळी समिती हसली. चहावालासुद्धा हसला.

संस्थेत परत आले तर आमचे संचालक दार लावून घेतात, आवाज खाली. "तुम्ही... प्रार्थना वगैरे... खरंच करता?" करते की. "अहो, पण बाहेर कळलं ना! आता आपल्या आकड्यांवर विश्वास कोण ठेवणार?" बघा! इकडे मी देवाची नाही, तिकडे मी विज्ञानाची नाही, आणि मी तर फक्त पट्टी वाचते!

पण खरी गंमत चर्चमध्ये. आमच्या मंडळीत ठरावाशिवाय पान हलत नाही. पडदे निळे की पांढरे, करा ठराव! सूचक, अनुमोदक, हात वर. त्या चौकशी समितीनं पत्रानं विचारलं होतं, ही पट्टी तुमच्या आवारात तुमच्या संमतीनं आहे का? मंडळी घाबरली. सभा बोलावली. काका उठले, घसा खाकरला, "समुद्राची पातळी वाढलेली नाही, असा ठराव मी मांडतो." अनुमोदक कोण? दातांचे डॉक्टर! हात वर, मंजूर! समुद्राला कळवायचं कुणी, ते मात्र ठरलं नाही.

पुढचा विषय. चर्चच्या तळघरात पाणी येतं, सबब पियानो वरच्या मजल्यावर हलवावा. सूचक? काका! अनुमोदक? दातांचे डॉक्टर! मला राहवलं नाही. "काका, पाणी वाढलंच नाही, तर पियानो कशाला हलवताय?" काका म्हणाले, "तो विषय संपलाय. हा वेगळा विषय आहे."

आणि मग तिसरा. चर्चमध्ये राजकारण नको, म्हणून पट्टी काढून टाकावी. अहो, मी उठलेच! मी हात जोडले. म्हटलं, एकदा खंड पडला की पडलाच, उद्या सोन्याची पट्टी लावलीत तरी मधले दिवस परत वाचता यायचे नाहीत! पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, हळवे झाले, डोळे मिटले, "आपण दोन्ही बाजूंसाठी प्रार्थना करू या." कुठल्या दोन्ही बाजू? एक माझी आणि एक पाण्याची? ठराव मंजूर, आणि पट्टी काढतो असं समितीला कळवलंसुद्धा!

शनिवारी ओहोटीची वेळ बघून काका स्वतः पाना घेऊन हजर. इस्त्रीची पँट! मी पायरीवर उभी, रडू आवरत. काका म्हणाले, "ही पट्टी मीच बसवलीय, पोरी, तरुणपणी. खालच्या पायरीवर उभा राहून. बूटसुद्धा ओले झाले नव्हते. खालचे बोल्ट आधी काढायचे, नाहीतर सगळी पट्टी डोक्यावर येते." आणि खाली बघतात... तर पायरीच नाही. बोल्ट तर त्याहून खाली. म्हणाले, "थोडी ओहोटी लागू दे."

"काका, हीच ओहोटी आहे."

मग काय, इरेला पेटून उतरले की पाण्यात! गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, शेवटी नाक दाबून बुडी मारली! वर आले ते पाना खालीच सोडून. मी हात देऊन बाहेर ओढलं. बुटातलं पाणी ओतलं आणि फचक फचक करत घरी गेले.

मला वाटलं, आता तरी! पुढच्या रविवारी पुन्हा सभा. काका उठले, मी आशेनं बघतेय. "पाणी पूर्वीच्या जागी गेल्यावर पट्टी ताबडतोब काढावी, असा ठराव मी मांडतो." पूर्वीच्या जागी! आणि पहिला ठराव? तो तसाच! दातांचे डॉक्टर उठण्याआधी मीच ओरडले, "अनुमोदन!"

आता समितीचं स्मरणपत्र आलं की पाळकसाहेब नम्रपणे कळवतात, "पाणी उतरलं की लगेच काढतो." आई म्हणते, "बघ, देवानं तुझं ऐकलं, नोकरी कायम झाली." झाली खरी, आई... पाणी उतरेपर्यंत!