नायक झोपला होता

परदेशात, वुडलँड्सच्या दवाखान्यात, मागच्या बाकावरून सोलापुरी मराठी कानावर आली, तसं अरुणाताईंनी हातातलं मासिक मिटलं. एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

"काल लेकानं तुमचा तो जुना तेलुगू सिनेमा लावला. खाली इंग्रजीत सगळं लिहून येत होतं."

"मग?"

"त्यातला नायक शेवटी मरतो."

"हो. प्यायचा फार."

"लग्नानंतरचा आपला पहिला सिनेमा. मला तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं. तो तिच्या दारात आडवा पडला, तेव्हा तुम्ही म्हणालात, दमून झोपलाय, सकाळी लग्न आहे."

"तू रडायला लागली होतीस, हिरा."

"पन्नास वर्षं मी सगळ्यांना तसंच सांगत आले."

"चुकलं माझं."

"सिनेमाचं जाऊ द्या. तुमच्या आईंना तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. मी माप ओलांडलं, तेव्हा त्या काहीतरी बोलल्या. तुम्ही मला सांगितलंत, 'आई म्हणते, घरात लक्ष्मी आली.'"

"आपला नंबर आला वाटतं."

"अजून चौदा जण आहेत. बोला."

पडद्यावर अरुणाताईंचा नंबर झळकत होता. त्या जागच्या हलल्या नाहीत.